भारतातील वस्तू वायदे बाजाराचे नियमन

भारतातील वस्तू वायदे बाजाराचे नियमन म्हणजे शेतमाल, सोने-चांदी, धातू, खनिज तेल आदी वस्तूंवर आधारलेल्या वायदा व विकल्प करारांना लागू असलेले कायदे, नियम आणि संस्था यांची एकत्रित व्यवस्था होय. २८ सप्टेंबर २०१५ पासून हे काम भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी) पाहते. त्यापूर्वी १९५३ पासून ते वायदे बाजार आयोगाकडे होते. दोन्ही संस्थांची मुख्यालये मुंबईत. सध्याचा मूळ कायदा प्रतिभूती करार (नियमन) अधिनियम, १९५६ हा असून सेबी अधिनियम, १९९२ आणि त्याखालील नियम व परिपत्रके त्याला पूरक आहेत.

या नियमनाकडून पहिल्यापासून दोन निरनिराळ्या अपेक्षा केल्या गेल्या. बाजारात फसवणूक होऊ नये, सौदे पूर्ण व्हावेत आणि मिळणारा भाव खरा असावा, ही पहिली. धान्य, डाळी, तेल यांचे भाव सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर जाऊ नयेत, ही दुसरी. पहिली अपेक्षा बाजार चालू राहिला तरच पुरी होते. दुसरीसाठी मात्र शासनाने अनेकदा बाजारच बंद केला. भारतातील वायदे बाजाराचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास या ओढाताणीतून घडला आहे.

## संकल्पना

आज भाव ठरवून माल व पैसे यांची देवघेव पुढील ठरावीक तारखेला करण्याचा करार म्हणजे वायदा. माल ताबडतोब हाती पडतो तो हजर बाजार. मान्यताप्राप्त बाजारातील वायद्यात मालाची प्रत, वजन, डिलिव्हरीचे ठिकाण आणि मुदत आधीच निश्चित असते. खरेदीदार व विक्रेता यांनी ठरवायचा तो फक्त भाव. त्यामुळे असा करार कागदासारखा हातोहात विकता येतो आणि मुदतीपूर्वी उलटा सौदा करून त्यातून मोकळेही होता येते. मूळ वस्तूच्या भावावरून ज्यांचे मूल्य ठरते अशा या करारांना डेरिव्हेटिव्ह असे सर्वसाधारण नाव आहे. विकल्प करार हा त्यांचाच दुसरा प्रकार. त्यात खरेदीदार ठरावीक रक्कम देऊन खरेदीचा किंवा विक्रीचा हक्क मिळवतो. तो हक्क बजावण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वसमत परिसरातील एका शेतकरी उत्पादक कंपनीकडे काढणीनंतर ५० क्विंटल हळद येणार आहे. तिने त्या मुदतीचा वायदा आज क्विंटलला १४,००० रुपये भावाने विकला. सौद्याची एकूण किंमत ७ लाख रुपये झाली. तेवढी रक्कम कोणी मागत नाही. तारण म्हणून काही टक्के रक्कम, समजा १२ टक्के म्हणजे ८४,००० रुपये, मार्जिन म्हणून भरावी लागते. काढणीच्या वेळी भाव १२,००० वर आला, तर हजर बाजारात क्विंटलमागे २,००० रुपये कमी मिळतील; वायद्यात मात्र तेवढाच नफा, म्हणजे एकूण १ लाख रुपये, जमा झालेला असेल. भाव १६,००० झाला तर उलट घडेल. दोन्ही प्रसंगी कंपनीला पडणारा भाव १४,००० च्या आसपासच राहील. या संरक्षणास हेजिंग म्हणतात.

मात्र वायद्यातील नफा-तोटा मुदतीच्या शेवटी नव्हे, तर रोज संध्याकाळी हिशेबात धरला जातो. भाव वाढत गेला तर कंपनीला रोज रोख रक्कम भरावी लागते आणि हळद तर अजून शेतातच असते. हेजिंग समजूनही लहान उत्पादक या बाजारापासून दूर राहतात, त्याचे एक मोठे कारण ही रोखीची निकड आहे.

या उदाहरणात हळद विकत घेणारा दुसरा पक्ष मसाल्याचा कारखानदार असेल किंवा हळदीशी काहीही संबंध नसलेला सटोडियाही असेल. सटोडियाविषयी मराठी बोलण्यात फारसा आदर नाही. परंतु ज्यांना जोखीम टाळायची आहे त्यांच्याकडून ती घेणारा कोणीतरी लागतोच आणि बहुतेक वेळा तो सटोडियाच असतो. नियमनाचा हेतू सट्टा नाहीसा करणे हा नसून तो मर्यादेत ठेवणे हा आहे.

## करार आणि पैज

न्यायालयांपुढे सर्वांत आधी प्रश्न आला तो असा, की ज्या सौद्यात माल कधीच हलत नाही, तो करार मानायचा की पैज? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरतो, म्हणजे त्यावरील येणे न्यायालयामार्फत वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा अधिनियम त्याहून कडक होता. पैजेला साहाय्यभूत असलेले करारही तो शून्य ठरवी. दोन्ही पक्षांचा मनोदय माल देण्या-घेण्याचा होता, की केवळ भावांतील फरक चुकता करण्याचा, ही कसोटी न्यायालये लावीत. मनोदय सिद्ध करणे अवघड असल्याने निकालही एकसारखे लागत नसत.

घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया (१९५९) या खटल्यात गव्हाच्या वायद्यांसाठी केलेली भागीदारी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. पैजेचा करार शून्य असला तरी तो बेकायदेशीर किंवा अनैतिक ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. आज मान्यताप्राप्त बाजारात झालेल्या डेरिव्हेटिव्ह सौद्यांना १९५६ च्या अधिनियमातील कलम १८-क मुळे वैधता मिळते आणि तेथे मनोदयाचा प्रश्न उरत नाही. तोच सौदा बाजाराबाहेर झाला, तर त्याला हे कवच नाही.

सट्ट्याविषयीच्या लोकमताची मुळेही मुंबईच्या इतिहासात आहेत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या सुरुवातीच्या व अखेरच्या भावांतील आकड्यांवर मुंबईत पैजा लागत आणि पुढे त्यातूनच ‘मटका’ जन्मला. कापसाशी या पैजेचा संबंध नावापुरताही नव्हता. तरी वायदा आणि जुगार ही जोडी लोकांच्या मनात घट्ट बसली.

## ऐतिहासिक आढावा

### मुंबईचा कापूस बाजार

भारतातील संघटित वायदे व्यापाराचा आरंभ १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनपासून मानला जातो. युरोपीय व्यापाऱ्यांच्या वर्चस्वाला कंटाळलेल्या देशी गिरणीमालकांनी व व्यापाऱ्यांनी १८९३ मध्ये बॉम्बे कॉटन एक्स्चेंज काढले. १९०० मध्ये गुजराती व्यापारी मंडळीने तेलबियांचे वायदे सुरू केले. पुढे ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनकडे कापसाच्या वायद्यांची सूत्रे आली आणि १९२२ च्या मुंबई कापूस करार अधिनियमाने प्रांतिक पातळीवर त्यांना कायद्याची चौकट दिली. सांगलीतही हळदीचा वायदे बाजार होता. तेथील ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ ही संस्था पुढे वायदे बाजार आयोगाच्या मान्यतेने चालत असे.

दुसऱ्या महायुद्धात टंचाई आणि भाववाढ यांमुळे भारत संरक्षण नियमांखाली धान्ये, तेलबिया आदींच्या वायद्यांवर बंदी आली. ‘तेजी-मंदी’ या नावाने चालणारे विकल्प करारही थांबवण्यात आले. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने वायदा करारांच्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला. भारतीय संविधानाने मात्र ‘शेअर बाजार व वायदे बाजार’ हा विषय संघसूचीत (नोंद ४८) घातला आणि ‘बाजार व जत्रा’ राज्यसूचीत ठेवले. वायदा केंद्राचा, हजर बाजार राज्याचा, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. तिचे परिणाम आजही जाणवतात.

### १९५२ चा अधिनियम

अ. द. श्रॉफ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुद्याची छाननी केल्यानंतर वायदा करार (नियमन) अधिनियम, १९५२ संमत झाला आणि पुढील वर्षी वायदे बाजार आयोग अस्तित्वात आला. या अधिनियमाने करारांचे दोन वर्ग केले. अकरा दिवसांच्या आत माल व पैसे यांची देवघेव पूर्ण होते तो हजर करार. त्याहून अधिक मुदतीचा तो वायदा करार. हजर करार अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिले. ठरावीक माल ठरावीक व्यक्तीलाच द्यायचा आणि करार तिसऱ्याला विकायचा नाही, असे ‘अहस्तांतरणीय’ करार हाही वेगळा प्रकार मानला गेला. वस्तूंवरील विकल्प करारांना कलम १९ ने पूर्ण मनाई केली.

नियमनाची रचना तीन थरांची होती. तळाशी बाजाराचे स्वतःचे नियम, त्यावर आयोगाची देखरेख आणि सर्वांत वर केंद्र शासनाचे अधिकार. कागदावर ही रचना नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात कोणत्या वस्तूचा वायदा चालू ठेवायचा व कोणता बंद करायचा, हा निर्णय शासनाच्याच हाती होता आणि आयोगाचे स्थान सल्लागाराहून फारसे वर नव्हते. दलालाला स्वतः दंड ठोठावण्याचा परिणामकारक अधिकारही आयोगाकडे नव्हता.

### बंदीची दशके

१९६० च्या दशकातील दुष्काळ, टंचाई आणि भाववाढ यांच्या पार्श्वभूमीवर एकामागून एक वायदे बंद झाले. १९६६ मध्ये कापसाच्या वायद्यावर बंदी आली. बहुतेक तेलबियांचीही तीच गत झाली. काळी मिरी, हळद, गूळ अशा मोजक्या वस्तूंचे सौदे लहान प्रादेशिक बाजारांत चालू राहिले. एकेकाळी जगातील प्रमुख कापूस बाजारांत गणना होणाऱ्या मुंबईत कापसाच्या वायद्याचा अनुभव असलेली पिढी निवृत्त झाली आणि तिची जागा घेणारी दुसरी तयार झाली नाही. बंदीमुळे सौदे मात्र थांबले नाहीत. ते बेकायदेशीर बाजारात गेले.

प्रा. म. ल. दांतवाला (१९६६), प्रा. अ. म. खुस्रो (१९७९-८०) आणि प्रा. कमलनयन काबरा (१९९३-९४) यांच्या अध्यक्षतेखाली वेळोवेळी समित्या नेमण्यात आल्या. त्यांपैकी खुस्रो व काबरा समित्यांनी वायदे टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करण्याच्या बाजूने कौल दिला. २००० च्या राष्ट्रीय कृषी धोरणानेही तीच दिशा धरली.

### २००३ नंतर

१ एप्रिल २००३ च्या अधिसूचनांनी बहुतेक वस्तूंवरील बंदी उठली. त्याच सुमारास राष्ट्रीय स्तरावरील संगणकीकृत बाजार उभे राहिले. अहमदाबादचे एनएमसीई २००२ च्या अखेरीस, तर मुंबईतील एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स २००३ च्या अखेरीस सुरू झाले. सोने-चांदी, धातू व खनिज तेल यांत एमसीएक्सने आणि शेतमालात एनसीडीईएक्सने आघाडी घेतली.

उलाढाल वाढली तशा जुन्या शंकाही परतल्या. जानेवारी २००७ मध्ये तूर व उडीद, तर फेब्रुवारीत गहू व तांदूळ यांचे नवे वायदे थांबवण्यात आले. मे २००८ मध्ये हरभरा, सोया तेल, रबर व बटाटा यांवर काही महिन्यांची स्थगिती आली. २००९ मध्ये साखरेची पाळी आली. वायद्यांमुळे भाव वाढतात का, हे तपासण्यासाठी नेमलेल्या प्रा. अभिजित सेन समितीला २००८ च्या अहवालात तसा निर्णायक पुरावा आढळला नाही. २०१२ मध्ये गवार बी व गवार डिंक यांच्या भावातील अभूतपूर्व तेजीनंतर ते वायदेही वर्षभराहून अधिक काळ बंद राहिले. गवार हे काही ताटातले मुख्य अन्न नव्हे. येथे प्रश्न बाजारातील गैरव्यवहाराचा होता आणि तो बंदीपेक्षा चौकशीने सुटण्यासारखा होता.

## नॅशनल स्पॉट एक्स्चेंज प्रकरण

१९५२ च्या अधिनियमाची सर्वांत मोठी परीक्षा वायदे बाजारात नव्हे, तर हजर बाजार म्हणवणाऱ्या संस्थेत झाली. ५ जून २००७ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने मुंबईतील नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या ‘एक दिवसाच्या मुदतीच्या’ करारांना अधिनियमातून सूट दिली. माल हाती असल्याशिवाय विक्री करता येणार नाही आणि दिवसाअखेर उरलेल्या प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी होईल, अशा अटी त्यात होत्या.

प्रत्यक्षात तेथे जोड-करार विकले जाऊ लागले. गुंतवणूकदार एकाच दिवशी एखादा माल दोन दिवसांच्या मुदतीने विकत घेई आणि तोच माल, समजा, पंचवीस दिवसांच्या मुदतीने चढ्या भावाने विकून टाकी. दोन भावांतील फरक आधीच ठरलेला असल्याने हा व्यवहार निश्चित व्याजाच्या ठेवीसारखा झाला. मालाची पावती गुंतवणूकदाराकडे असे. गोदामात मात्र अनेक ठिकाणी तेवढा माल नव्हताच. दुसरी मुदत अकरा दिवसांहून अधिक असल्याने हे करार अधिनियमाच्या व्याख्येनुसार वायदे होते. पण हजर बाजारावर देखरेख कोणाची, याचे स्पष्ट उत्तर कायद्यात नव्हते. बाजाराने स्वतःला हजर म्हणवायचे, आयोगाने त्याला सूट मिळालेली आहे असे समजायचे आणि राज्याच्या पणन यंत्रणेने मुंबईतील संगणकांकडे पाहायचेच नाही, असे ते त्रांगडे होते.

३१ जुलै २०१३ रोजी सौदे थांबले. सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. डिसेंबर २०१३ मध्ये आयोगाने या संस्थेची प्रवर्तक कंपनी फायनान्शियल टेक्नॉलॉजीज ही एमसीएक्समध्ये २ टक्क्यांहून अधिक भाग बाळगण्यास ‘योग्य व पात्र’ नसल्याचे जाहीर केले. एक्स्चेंजचे प्रवर्तक कंपनीत सक्तीने विलीनीकरण करण्याचा केंद्राचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केला. त्याच न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मात्र महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ च्या अर्थाने हे एक्स्चेंज ‘वित्तीय संस्था’ ठरते, असा निर्णय दिला. त्यामुळे या कायद्याखाली महाराष्ट्र शासनाने केलेली मालमत्तांची जप्ती वैध ठरली. वायद्यांच्या केंद्रीय कायद्याला जे जमले नाही, ते ठेवीदारांसाठी केलेल्या राज्याच्या कायद्याने काही अंशी साधले.

## सेबीत विलीनीकरण

सप्टेंबर २०१३ मध्ये आयोग ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडून अर्थ मंत्रालयाकडे गेला. हा बदल केवळ प्रशासकीय नव्हता. ग्राहक व्यवहार मंत्रालयाचे मुख्य लक्ष भाववाढीकडे असते आणि वायद्याकडे ते स्वाभाविकपणे त्याच चष्म्यातून पाही. त्याच वर्षी न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने वित्तीय क्षेत्रातील विखुरलेली नियामक मंडळे एकत्र आणण्याची शिफारस केली होती. वायदे बाजार आयोगाला बळ देण्यासाठी जानेवारी २००८ मध्ये काढलेला अध्यादेश त्याच वर्षी व्यपगत झाला होता आणि त्यानंतरचे विधेयकही संमत झाले नव्हते.

२०१५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी विलीनीकरण जाहीर केले. वित्त अधिनियम, २०१५ ने १९५२ चा अधिनियम निरस्त केला, १९५६ च्या अधिनियमातील ‘डेरिव्हेटिव्ह’च्या व्याख्येत वस्तूंवरील करार समाविष्ट केले आणि हे करार कायद्याच्या दृष्टीने ‘प्रतिभूती’ झाले. शेअरच्या सौद्याला लागू असलेली सेबीची चौकशीची व दंडाची साधने त्यामुळे सोयाबीनच्या आणि चांदीच्या वायद्यालाही लागू झाली. फसव्या व अनुचित व्यवहारांविरुद्धचे २००३ चे नियमही त्यांत आले. सेबीच्या आदेशाविरुद्ध मुंबईतील प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अकरा दिवसांची मर्यादा आणि अहस्तांतरणीय करारांना मिळणारी सूट नव्या व्यवस्थेतही कायम आहे. म्हणून एखाद्या गिरणीने शेतकऱ्याशी हंगामापूर्वी केलेला थेट खरेदी करार सेबीच्या कक्षेत येत नाही.

विलीनीकरणानंतर विकल्प करारांवरील मनाई संपली. ऑक्टोबर २०१७ मध्ये धनत्रयोदशीला एमसीएक्सवर सोन्याचे पहिले विकल्प करार सुरू झाले. २०१८ पासून शेअर बाजारांना वस्तूंचे व वस्तू बाजारांना शेअरचे सौदे चालवण्याची मुभा मिळाली. म्युच्युअल फंडांना २०१९ मध्ये प्रवेश मिळाला. विदेशी गुंतवणूकदारांना २०२२ मध्ये शेतमालेतर, रोखीने चुकत्या होणाऱ्या करारांपुरती परवानगी देण्यात आली. बँकांना मात्र बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ८ मुळे स्वतः मालाचा व्यापार करता येत नाही.

## नियमनाची साधने

कोणत्या वस्तूंवर डेरिव्हेटिव्ह करार करता येतील, त्यांची यादी केंद्र शासन अधिसूचित करते. २०१६ च्या यादीत ९१ वस्तू होत्या. पुढे ती वाढवण्यात आली. यादीतील वस्तूचाही प्रत्येक नवा करार सुरू करण्यापूर्वी बाजाराला सेबीची मान्यता घ्यावी लागते.

सौदा पूर्ण होण्याची हमी समाशोधन महामंडळ देते. प्रत्येक खरेदीदारापुढे विक्रेता म्हणून आणि प्रत्येक विक्रेत्यापुढे खरेदीदार म्हणून तेच उभे राहते. एका बाजूने पैसे बुडवले तरी दुसऱ्या बाजूला झळ लागू नये, हा त्यामागील हेतू असून मार्जिन हा त्याचा मुख्य आधार आहे. भावातील चढउतार वाढले किंवा मुदत जवळ आली की मार्जिन वाढवले जाते. एका दिवसात भाव किती टक्के वर किंवा खाली जाऊ शकेल, याचीही मर्यादा असते.

शेतमालाच्या बाबतीत सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे उभ्या सौद्यांची मर्यादा. एखाद्या धनिकाने सारे वायदे विकत घेऊन ठेवले आणि बाजारात माल मात्र थोडाच असला, तर मुदतीच्या दिवशी विक्रेत्यांची कोंडी होते व तो मागेल तो भाव त्यांना द्यावा लागतो. ही कोंडी टाळण्यासाठी सेबीने २०१७ मध्ये शेतमालाचे तीन वर्ग केले. ज्यांचा पुरवठा मोठा त्या व्यापक वस्तू, ज्यांचा मर्यादित त्या संकुचित आणि ज्यांत शासनाचा हस्तक्षेप किंवा भावांशी खेळ वारंवार झाला त्या संवेदनशील. उत्पादन व आयात मिळून देशात उपलब्ध होणाऱ्या मालाच्या अनुक्रमे १, ०.५ आणि ०.२५ टक्के एवढीच मर्यादा एका ग्राहकासाठी ठरवण्यात आली. एखाद्या संकुचित वस्तूचा वार्षिक पुरवठा ४ लाख टन असेल, तर एका ग्राहकाचे उभे सौदे २,००० टनांच्या पुढे जाऊ शकत नाहीत. ज्याच्याकडे खरोखर माल आहे, त्याला हेजिंगसाठी पुराव्यानिशी अधिक मर्यादा मागता येते. या वर्गवारीत एक विसंगती आहे. शासनाने वारंवार हस्तक्षेप केला की वस्तू संवेदनशील ठरते, मर्यादा आवळली जाते, सौदे रोडावतात आणि रोडावलेल्या बाजारात भाव वेडेवाकडे हलणे अधिक सोपे होते.

### गोदामे

वायद्याच्या शेवटी माल गोदामातच पोहोचतो. म्हणून गोदामाची विश्वासार्हता हाच या बाजाराचा पाया ठरतो. २०१२ च्या अखेरीस केरळमधील गोदामांत वायदे बाजाराच्या डिलिव्हरीसाठी ठेवलेली काळी मिरी खनिज तेलाच्या भेसळीच्या संशयावरून अन्नसुरक्षा यंत्रणेने मोहोरबंद केली आणि पावती हातात असूनही माल न मिळण्याचा अनुभव खरेदीदारांना आला. गोदाम (विकास व नियमन) अधिनियम, २००७ खाली स्थापन झालेले प्राधिकरण गोदामांची नोंदणी करते. नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती हस्तांतरणीय असते आणि तिच्या तारणावर बँकेकडून कर्ज घेता येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने वायद्यापेक्षाही ही पावती कदाचित अधिक उपयोगाची आहे, कारण काढणीच्या गर्दीत पडेल त्या भावाने माल विकण्याची सक्ती तिच्यामुळे टळू शकते.

## उणे भावाचा दिवस

२० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या बाजारात खनिज तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. टाळेबंदीमुळे मागणी आटली होती, साठवणुकीच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि तेल ताब्यात घेण्याऐवजी पदरचे पैसे देऊन ते दुसऱ्याच्या गळ्यात घालणे विक्रेत्यांना परवडत होते. एमसीएक्सवरील तेलाचा वायदा रुपयांत आणि रोखीने चुकता होतो. त्याचा अखेरचा भाव न्यूयॉर्कच्या भावावरून ठरतो. टाळेबंदीच्या काळात भारतातील सौदे संध्याकाळी पाच वाजताच थांबत. त्या वेळी येथील भाव पिंपाला ९६५ रुपये होता. न्यूयॉर्कची घसरण भारतीय वेळेनुसार रात्री झाली, तेव्हा येथील खरेदीदाराला सौद्यातून बाहेर पडण्याचा मार्ग नव्हता. अखेरचा भाव उणे २,८८४ रुपये ठरला. १०० पिंपांच्या एका सौद्यामागे संध्याकाळच्या भावाच्या तुलनेत ३ लाख ८४ हजार ९०० रुपयांचा फरक पडला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२० मध्ये सेबीने शून्याजवळच्या व उणे भावांसाठी जोखीम व्यवस्थापनाची पर्यायी पद्धत जाहीर केली. भाव शून्याच्या खाली जाऊ शकतो, हे त्या आधीच्या मार्जिनच्या गणितात धरलेलेच नव्हते.

## २०२१ चे निलंबन

ऑगस्ट २०२१ मध्ये हरभऱ्याचे आणि ऑक्टोबरमध्ये मोहरीचे नवे सौदे थांबवण्यात आले. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सात शेतमालांचे वायदे एका वर्षासाठी निलंबित केले. बासमतीखेरीज इतर भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चे पाम तेल आणि मूग या त्या वस्तू होत. मोहरी व सोयाबीन यांची उपउत्पादनेही त्यांत आली. ही मुदत नंतर वारंवार वाढवण्यात आली. त्यांपैकी एका मुदतवाढीने निलंबन ३१ मार्च २०२६ पर्यंत नेले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातील सोयाबीन आणि हरभरा महत्त्वाचे. मराठवाडा व विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यांचा खरीप व रब्बी हंगाम बऱ्याच अंशी या दोन पिकांवर उभा असतो. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात पोहोचला होता आणि त्यानंतर तो झपाट्याने उतरला. ज्या शेतकऱ्याने कधी वायदा केला नाही, तोही पेरणीच्या वेळी पुढच्या महिन्यांच्या वायद्याचा भाव विचारून अंदाज बांधत असे. लातूर-अकोल्याच्या अडत बाजारात तो भाव सकाळीच कळे. निलंबनानंतर हा सार्वजनिक आकडा नाहीसा झाला. मोठ्या तेल गिरण्यांना परदेशी बाजारांतील सोयाबीनचे व पाम तेलाचे भाव पाहण्याची आणि तेथे हेजिंग करण्याची सोय असते; ती कोरडवाहू शेतकऱ्याला नसते.

निलंबनाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की टंचाईच्या काळात वायद्यातील तेजी हजर बाजारातील विक्रेत्याला माल दडवून ठेवण्याचा इशारा देते आणि तो इशारा बंद करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. विरोधकांच्या मते वायदा हा आरसा आहे आणि आरसा झाकल्याने चेहरा बदलत नाही. निलंबनानंतरही खाद्यतेलाचे भाव प्रामुख्याने आयातीवर आणि आयात शुल्कावरच हलत राहिले. ही भीती केवळ भारतीय नाही. अमेरिकेने १९५८ मध्ये स्वतंत्र कायदा करून कांद्याच्या वायद्यावर कायमची बंदी घातली आणि ती आजही लागू आहे. एक फरक मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील बंदीची मागणी कांदा उत्पादकांकडून आली होती. भारतात वायदे बहुधा ग्राहकाच्या नावाने थांबवले जातात.

## कर आणि अधिकारक्षेत्राबाहेरील व्यवहार

१ जुलै २०१३ पासून शेतमालेतर वस्तूंच्या वायद्यांवर विक्रेत्याकडून ०.०१ टक्के वस्तू व्यवहार कर घेतला जाऊ लागला. अधिसूचित शेतमाल त्यातून वगळण्यात आला आहे.

हजर बाजार, कृषी उत्पन्न बाजार समित्या आणि त्यांतील मोजमाप व प्रतवारी हे विषय राज्यांकडे आहेत. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खालील साठा मर्यादा, निर्यातबंदी आणि आयात शुल्क यांचे निर्णय केंद्रीय मंत्रालये घेतात. या निर्णयांमुळे वायद्याचे भाव एका दिवसात उलटतात, परंतु सेबीला त्यांवर कोणताही अधिकार नाही. बाजाराबाहेर, केवळ दलालाच्या वहीत होणाऱ्या ‘डब्बा’ सौद्यांत मान्यताप्राप्त बाजाराचेच भाव वापरले जातात. त्यांत मार्जिन, कर किंवा हमी यांपैकी काहीच नसते. हे सौदे १९५६ च्या अधिनियमाखाली गुन्हा ठरतात आणि त्यात बुडालेल्या पैशांसाठी गुंतवणूकदाराला बाजाराच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे किंवा संरक्षण निधीकडे दाद मागता येत नाही.